ड्युटी मालावर, भार माणसावर: आयात शुल्क आणि परकीय गुंतवणुकीचा हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये तीन निर्णय पाठोपाठ लागू झाले. ७ तारखेला अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयात शुल्क लावले. १९ तारखेला भारत सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आणि २७ तारखेला अमेरिकेचा दर ५० टक्क्यांवर गेला. इचलकरंजीच्या बाजारात कापूस स्वस्त झाला तर सूत उतरेल, हा हिशेब सुरू झाला. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी मात्र वेचणी तोंडावर आलेली असताना बाहेरचा कापूस बिनशुल्क येणार म्हणून हवालदिल झाला. निर्णय एकच, आणि त्याच्या दोन्ही टोकांना मराठी माणूसच उभा.

आयात शुल्काची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा देशाभिमानाच्या भाषेत होते. लावले की कणखरपणा, काढले की शरणागती. अर्थशास्त्रातले संशोधन वेगळ्या वाटेने जाते. ते विचारते: शुल्क साखळीच्या कोणत्या पायरीवर लागले, त्यामुळे कुणाची किंमत बदलली, आणि त्या किमतीकडे पाहून परकीय भांडवल कुठे वळले? कोल्हापूर जिल्ह्यात चांदी आहे, कापड आहे, ओतीव लोखंड आहे. तेवढ्यातच हे प्रश्न नीट समजून घेता येतात.

सुरुवात सगळ्यात साध्या प्रश्नापासून करू. शुल्क भरतो कोण? सीमाशुल्क खात्याकडे पैसे भरतो तो आयातदार, म्हणजे आपल्याच देशातला व्यापारी. परदेशी विक्रेत्याने आपला भाव तेवढाच खाली आणला तरच भार त्याच्यावर गेला असे म्हणता येते. २०१८ मध्ये अमेरिकेने चीनच्या मालावर मोठी शुल्के लावली, तेव्हा मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टाइन या अर्थतज्ज्ञांनी आयातीच्या नोंदी तपासल्या. परदेशी विक्रेत्यांनी भाव जवळजवळ उतरवलेच नव्हते. जवळपास सगळा भार अमेरिकी खरेदीदारांवर पडला होता.

त्याच वर्षीची वॉशिंग मशीनची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिच्यात परकीय गुंतवणूकही येते. अमेरिकेतल्या कंपन्यांची तक्रार कोरियाच्या सॅमसंग आणि एलजीविरुद्ध होती. आधी कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या यंत्रांवर शुल्क लागले, तर उत्पादन चीनमध्ये गेले. चीनवर लागले, तर थायलंड आणि व्हिएतनाममध्ये गेले. शेवटी २०१८ मध्ये जवळपास सगळ्याच देशांवर शुल्क लागले: वर्षाला पहिल्या १२ लाख यंत्रांपर्यंत २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. आता पळायला जागा नव्हती. सॅमसंगने साउथ कॅरोलिनात आणि एलजीने टेनेसीत २०१७ मध्येच जाहीर केलेले कारखाने सुरू केले.

म्हणजे शुल्काने परकीय गुंतवणूक खेचून आणली. नोकऱ्याही आल्या, सुमारे १,८००. पण यंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. विशेष म्हणजे कपडे वाळवायच्या ड्रायरच्या किमतीही वाढल्या, ज्यावर शुल्क नव्हतेच. दोन्ही यंत्रे लोक जोडीने घेतात, त्यामुळे कंपन्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. आरोन फ्लाएन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट यांच्या हिशेबाने ग्राहकांना वर्षाला सुमारे १५० कोटी डॉलर जादा मोजावे लागले. सरकारला मिळालेले शुल्क त्यातून वजा केले तरी एका नोकरीमागे सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर. एवढी महाग नोकरी कुणी उघडपणे मंजूर केली नसती. किमतीत विरघळली म्हणून ती कुणाला दिसली नाही, आणि शुल्काच्या धोरणाबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

आता हुपरीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चांदीच्या दागिन्यांच्या गावाकडे येऊ.

चांदीच्या दागिन्यात बहुतेक किंमत चांदीची असते. घडणावळ त्या मानाने थोडी. समजा, पैंजणांच्या एका जोडाचा जागतिक बाजारातला भाव १०० रुपये आहे. त्यात ९० रुपयांची चांदी, १० रुपयांचे काम. कारागिराची मजुरी, मालकाचा नफा, जागेचे भाडे, सगळे या १० रुपयांतून निघायचे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात चांदीवरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. म्हणजे ९० ची चांदी इथे ९५ रुपये ४० पैशांना पडू लागली. तयार पैंजणावरही तेवढेच शुल्क असेल, तर बाहेरचे पैंजण १०६ ला पडेल आणि आपल्या माणसाला कामाचे १० रुपये ६० पैसे मिळतील. ठीक आहे. पण मुक्त व्यापार करारामुळे एखाद्या देशातून तयार पैंजण बिनशुल्क १०० रुपयांत आले, तर? आपल्या कारागिराच्या हाती उरले ४ रुपये ६० पैसे. चांदीवरचे शुल्क फक्त ६ टक्के, पण कामाचा मोबदला ५४ टक्क्यांनी कापला गेला. १५ टक्क्यांचे शुल्क होते तेव्हा नुसती चांदीच १०३ रुपये ५० पैशांना पडत होती, तयार दागिन्याहून महाग.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण प्रसंग खरा आहे. थायलंडहून चांदीचे साधे दागिने करारातल्या सवलतीने मोठ्या प्रमाणात येऊ लागले. सवलतीसाठी माल खरोखर त्या देशात घडलेला असावा, अशी अट असते आणि वाद त्या अटीवरूनच होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने अशा दागिन्यांच्या आयातीवर मार्च २०२६ अखेरपर्यंत निर्बंध घातले.

कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी, या प्रकाराला व्यापारी ‘उलटी ड्युटी’ म्हणतात. साखळीत मधे बसलेल्या माणसाला खरे संरक्षण किती मिळाले, हे मोजायची पद्धत मॅक्स कॉर्डन, हॅरी जॉन्सन आणि बेला बलासा यांनी १९६० च्या दशकात मांडली. तिला ‘प्रभावी संरक्षण’ म्हणतात. अधिसूचनेतला दर पाहायचा नाही. कच्चा माल वजा जाता हाती उरणाऱ्या मूल्यात किती फरक पडला, ते पाहायचे. जगदीश भगवती आणि पद्मा देसाई यांनी १९७० मध्ये भारतीय उद्योगांना हीच पद्धत लावून पाहिली, तेव्हा संरक्षणाचे दर उद्योगागणिक इतके वेगवेगळे निघाले की त्यामागे काही विचार असावा, असे वाटू नये.

इंग्रजांना हे गणित पाठ होते. १८९६ मध्ये त्यांनी आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क लावले आणि त्याच वेळी भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली. कागदावर शुल्क होते, पण संरक्षण शून्य. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांची सोय पाहिली गेली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच काळात भारतासारख्या देशाला खुल्या व्यापाराचा इंग्रजी नियम जसाच्या तसा लागू होत नाही, असे मांडले होते. रानड्यांचे बालपण कोल्हापुरात गेले, हे इथल्या अनेकांना ठाऊक नसते. त्यांनी देशी उद्योगाला आधार मागितला, पण परकीय भांडवलाला दार लावले नाही. दादाभाई नौरोजींना त्याच भांडवलाबरोबर बाहेर जाणाऱ्या नफ्याची चिंता होती. आजचा वाद तपशिलात फार पुढे गेला असला, तरी दोन टोके तीच आहेत.

संरक्षणाने काहीच साधत नाही, असे मी म्हणणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ऑईल इंजिने उसाच्या पट्ट्यात पाणी उपसू लागली, तो काळ आयातीला कडक बंधने असण्याचाच होता. त्या इंजिनांना लागणाऱ्या ओतकामातून इथल्या फाउंड्र्या वाढल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती नंतर आल्या. बाहेरचा माल सहज मिळाला असता, तर हे कसब इथे रुजायला किती वेळ लागला असता, सांगता येत नाही. पण शिकण्यासाठी दिलेली मुदत आणि कायमची सवय यांत फरक असतो. १९९१ च्या आधी देशाचे सरासरी आयात शुल्क ८० टक्क्यांहून वर होते, आणि काही वस्तूंवर ३०० टक्क्यांच्याही पुढे. एवढ्या आडोशाने देशी माल चांगला झाला नाही, फक्त महाग राहिला.

१९९१ नंतर शुल्के झपाट्याने उतरली. बाहेरच्या कर्जसंकटामुळे हे घाईने करावे लागले, कुठल्या उद्योगाने दिल्लीत वजन वापरून दर ठरवून घ्यायला फारशी फुरसत नव्हती. म्हणूनच जगभरचे संशोधक भारताचा हा काळ अभ्यासतात. पिनेलोपी गोल्डबर्ग, अमित खंडेलवाल, नीना पावनिक आणि पेटिया टोपालोवा यांनी २०१० मध्ये दाखवले, की भारतीय कंपन्यांनी त्या काळात बाजारात आणलेल्या नव्या उत्पादनांपैकी सुमारे ३१ टक्के उत्पादनांचे श्रेय कच्च्या मालावरचे शुल्क घटण्याला जाते. केवळ आधीचा माल स्वस्त झाला असे नव्हे. पूर्वी न मिळणारा धागा, न मिळणारे रसायन, न मिळणारे बेअरिंग मिळू लागले. स्पर्धेच्या धाकाने सुधारणा होते हे बरोबर, पण चांगला कच्चा माल हाती आल्याने झालेली सुधारणा त्याहून मोठी निघाली.

इचलकरंजीला हे लगेच पटेल. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात काही रॅपिअर आणि एअरजेट शटललेस, म्हणजे धोट्याविना चालणाऱ्या, मागांवरचे साडेसात टक्के शुल्क शून्य झाले. त्याच अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या काही प्रकारांवरचे शुल्क मात्र वाढवून २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांत जे जास्त असेल ते, असे केले. माग आणणाऱ्याला सूट आणि बाहेरच्या कापडाला अडसर. विणणाऱ्याच्या बाजूने दोन्ही निर्णय एकाच दिशेचे. पण त्या बाहेरच्या कापडाचे कपडे शिवणाऱ्याला तोच अडसर खर्च म्हणून लागतो. साखळीतली एकाची विक्री ही पुढच्याची खरेदी असते, आणि म्हणून ‘उद्योगाला संरक्षण’ हे शब्द अर्धेच सांगतात. कोणत्या उद्योगाला, आणि त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचे काय?

इथे आणखी एक पदर आहे. सूत स्वस्त झाले, की फायदा सुताचा मालक असलेल्याला. इचलकरंजीत हजारो खर्चीवाले यंत्रमागधारक दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतात. कापसाचे ११ टक्के उठले म्हणून त्यांच्या मजुरीत आपोआप एक पैसाही वाढत नाही. जादा कापडाला मागणी आली, माग जास्त तास चालले, तरच काही मिळते. यान द लोकर आणि वर उल्लेखलेल्या संशोधकांपैकी तिघांनी २०१६ मध्ये भारतीय कारखान्यांबद्दल असेच काही दाखवले: शुल्क घटल्याने उत्पादनखर्च बराच उतरला, किमती मात्र त्या मानाने कमी उतरल्या. मधला फरक कंपन्यांनी नफ्यात ठेवला. त्यातून पुढे नवी उत्पादने निघाली असतील. पण शुल्क कमी केले की ग्राहकापर्यंत सगळे पोचते, हे गृहीत धरू नये.

परकीय गुंतवणुकीचे गणित याच पायावर उभे आहे. रॉबर्ट मंडेल यांनी १९५७ मध्ये मांडले, की मालाची वाट अडवली तर भांडवल त्या वाटेने येते. वॉशिंग मशीनच्या बाबतीत तेच झाले. प्रश्न आहे तो, अशी भिंत ओलांडून आलेली गुंतवणूक देशाला किती देते?

रिचर्ड ब्रेचर आणि कार्लोस दिआझ अलेहांद्रो यांनी १९७७ मध्ये याचे अस्वस्थ करणारे उत्तर दिले. समजा, बाहेर १०० रुपयांना मिळणारी वस्तू ४० टक्के शुल्कामुळे इथे १४० ला विकली जाते. ती आयात होत होती तोवर ग्राहकाने मोजलेले जादाचे ४० रुपये सरकारी तिजोरीत तरी जात होते. आता परदेशी कंपनीने इथेच कारखाना काढला. वस्तू १४० लाच विकली जाते, पण ते ४० रुपये कंपनीच्या उत्पन्नात गेले, आणि त्यातला नफा देशाबाहेर. कारखाना दिसतो, उत्पादनाचे आकडे वाढतात, उद्घाटन होते. देशातल्या लोकांचे उत्पन्न मात्र घटलेले असू शकते. ‘असू शकते’ हे शब्द महत्त्वाचे. कंपनी इथे कर भरते, चांगली मजुरी देते, स्थानिक पुरवठादार घडवते, तर पारडे फिरते. आणि माल जागतिक भावाने विकायचाच असेल, म्हणजे कंपनी इथून निर्यात करायला आली असेल, तर हा तोटा मुळातून नाहीसा होतो. त्यामुळे परकीय गुंतवणुकीची बातमी आली की किती कोटी, याआधी मला विचारावेसे वाटते: आली ती इथल्या भिंतीआड विकायला, की इथून जगाला विकायला?

मारुती उद्योग १९८१ मध्ये स्थापन झाली, पुढच्या वर्षी सुझुकीने २६ टक्के भांडवल घेतले आणि १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली. ही भिंतीआड आलेलीच गुंतवणूक होती. पण सरकारची भागीदारी होती, सुटे भाग देशातच बनवून घ्यायचा आग्रह होता, आणि १९८७ मध्ये हंगेरीला गाड्या जाऊ लागल्या. सुट्या भागांची अख्खी फळी त्यातून उभी राहिली.

सुट्या भागांचा हा मुद्दा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींसाठी सर्वांत मोलाचा आहे. व्हेनेझुएलातल्या कारखान्यांचा अभ्यास ब्रायन एटकिन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी भांडवल आले, की त्याच धंद्यातले देशी कारखाने मागे पडतात, असे त्यांना दिसले. गिऱ्हाईक फुटते आणि तोच खर्च कमी मालावर बसतो. बियाटा यावोर्चिक यांनी २००४ मध्ये लिथुआनियाबद्दल दुसरी बाजू दाखवली: परदेशी कंपनीला माल पुरवणारे देशी कारखाने सुधारतात. शिवाय ही सुधारणा पूर्ण परदेशी मालकीच्या कंपन्यांपेक्षा भागीदारीतल्या कंपन्यांच्या पुरवठादारांमध्ये दिसली. कोल्हापूरची फाउंड्री इंजिन, ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या कंपनीशी स्पर्धा करत नाही, तिला कास्टिंग पुरवते. रिजेक्शन किती, चाचणीचे दाखले आहेत का, माल वेळेत पोचतो का, यावर तिला रोज परीक्षा द्यावी लागते, आणि ते शिकलेले दुसऱ्या गिऱ्हाइकाकडेही उपयोगी पडते. पण याच फाउंड्रीला लागणाऱ्या कोकवर (भट्टीत जाळायचा प्रक्रिया केलेला कोळसा) किंवा पिग आयर्नवर (ओतकामाचे कच्चे लोखंड) अडथळे आले, तर तिची स्थिती हुपरीच्या कारागिरासारखी होते. २०२५ च्या सुरुवातीला अशाच मेट कोकच्या आयातीवर देशनिहाय कोटा बसला. लोखंडी भंगारावरचे शुल्क मात्र सरकारने तेव्हा शून्य ठेवले होते. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले. अब्बा लर्नर यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते, की आयातीवरचा कर शेवटी निर्यातीवरचा कर ठरतो. निर्यात करणाऱ्या फाउंड्रीला त्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

हिशेबाचा एक मुद्दा थोडक्यात. परकीय गुंतवणूक हवी आणि व्यापारातली तूटही कमी हवी, या दोन मागण्या एकत्र चालत नाहीत. बाहेरून निव्वळ भांडवल येते, तेवढीच चालू खात्यात, म्हणजे परदेशाशी होणाऱ्या खरेदी-विक्रीच्या हिशेबात, तूट पडते. हा मताचा भाग नाही, जमाखर्चाचा नियम आहे. ‘निव्वळ’ म्हणजे किती, तेही पाहायला हवे. २०२४-२५ मध्ये भारतात एकूण थेट परकीय गुंतवणूक सुमारे ८१ अब्ज डॉलरची आली. पण परदेशी गुंतवणूकदारांनी बाहेर नेलेले पैसे आणि भारतीय कंपन्यांची परदेशातली गुंतवणूक वजा जाता निव्वळ आकडा एक अब्जाच्या आतच उरला. मथळ्यात पहिला आकडा येतो.

दरापेक्षाही जास्त नुकसान दर कधी बदलेल या धास्तीने होते. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतासाठी एप्रिलमध्ये २६ टक्के जाहीर केले, आठवड्यात ते थांबवून १० टक्क्यांवर ठेवले, ऑगस्टमध्ये २५ आणि मग ५०. मोटारींच्या सुट्या भागांवर मे महिन्यापासून वेगळेच २५ टक्के. निर्यातीचे नवे कास्टिंग घ्यायचे, तर पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करावा लागतो, नमुने पाठवून पास करून घ्यावे लागतात, कधी मशीनही घ्यावे लागते. त्यात घातलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. मग मालक थांबतो. काइल हँडली आणि नुनो लिमाओ यांनी चीनबद्दल हेच मोजले. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, तेव्हा अमेरिकेने त्याच्यावरचे दर काही घटवले नाहीत. दरवर्षी सवलत चालू ठेवायची की नाही, ही टांगती तलवार तेवढी गेली. २००० ते २००५ या काळात अमेरिकेला झालेल्या चीनच्या निर्यातवाढीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्या एका खात्रीमुळे होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे कापसाचे शुल्क सहा आठवड्यांसाठी उठवून नंतर मुदत वाढवण्याची पद्धत याच कारणाने मला घातक वाटते. ना सूतगिरणीला वर्षाची खरेदी ठरवता येते, ना शेतकऱ्याला पेरा.

पेटिया टोपालोवा यांनी १९९१ नंतरच्या शुल्ककपातीचा परिणाम भारतात जिल्हावार मोजला. देशभर गरिबी घटत होती. पण ज्या ग्रामीण जिल्ह्यांतले रोजगार शुल्ककपात झालेल्या उद्योगांत आणि पिकांत जास्त होते, तिथे ती कमी वेगाने घटली. लोक काम गेले म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात गेले नाहीत, आणि दुसऱ्या धंद्यातही सहजासहजी शिरले नाहीत. फायदा देशभर पातळ पसरला, तोटा मोजक्या जिल्ह्यांत साचला. शुल्काची अधिसूचना निघते तेव्हा महसूल किती घटेल याचा अंदाज सरकारकडे असतो. कापसाचे ११ टक्के उठवताना यवतमाळात क्विंटलमागे काय होईल आणि इचलकरंजीत किती माग किती तास जास्त चालतील, हा जिल्हावार अंदाजही त्याच कागदासोबत जाहीर करता येईल. त्यासाठी लागणारे तंत्र संशोधकांनी दोन दशकांपूर्वीच भारताच्याच आकड्यांवर तयार करून ठेवले आहे.